घुशींनी पोखरलेला पाया

कन्हानला घराच्या भिंतीला तडा गेला की पहिला संशय खाणीतल्या सुरुंगांवर जातो. तो कधी खराही असेल. पण आधी न्हाणीमागची जमीन वाकून पाहावी. तेथे ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग दिसला, तर काम घुशीचे आहे असे समजावे.

घुशीला तेलुगू भाषेत ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर म्हणतात; इंग्रजांनी त्याचेच ‘बँडिकूट’ केले. तिचे बीळ दीड-दोन फूट खोल जाते आणि त्याला अनेक तोंडे असतात. आपल्याकडील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. त्यात पाया उथळ असला आणि बिळातून मोरीचे पाणी खाली उतरले, की भरावाची माती वाहून जाते, फरशी पोकळ वाजू लागते आणि भिंत एका अंगाने खचते. घुशीमागे बिळात साप येतो, ते वेगळेच.

बीळ दिसताच वरून सिमेंट ओतण्याची घाई करू नये. घूस शेजारून नवे तोंड काढते. संध्याकाळी सर्व तोंडे चिखलाने लिंपावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील, ती चालू बिळे. त्यांत ब्रोमॅडिओलोनची वडी मुलांचा हात पोहोचणार नाही इतकी खोल ठेवावी. हे विष काही दिवसांनी लागू पडते, म्हणून बाकीच्या घुशींना आमिषाचा संशय येत नाही. मुलाच्या पोटात चुकून गेलेच, तर वेष्टनासह तत्काळ दवाखान्यात जावे. ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा त्यावर चालतो.

धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या बिळात टाका, असा सल्ला हमखास मिळतो. तो मुळीच ऐकू नये. ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, फरशीच्या फटींतून झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो, आणि त्यावर उतारा नाही.

उकरणे थांबल्यावर बीळ पहारीने फोडावे. मेलेली घूस उघड्या हाताने उचलू नये. घुशीच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पोकळीत विटांचे तुकडे व फुटक्या काचा ठासून वर काँक्रीट भरावे. भिंत खचली असल्यास मात्र जाणत्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय खणू नये. घराभोवती दोन फूट रुंद, बाहेर उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा आणि मोरीला अर्ध्या इंचाहून बारीक जाळी, एवढा खर्च भिंत नव्याने बांधण्यापेक्षा नक्कीच कमी.

हे सारे मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी उरकावे, आणि लागून असलेल्या सर्व घरांनी एकाच आठवड्यात करावे. नाहीतर एका घरची घूस भिंतीखालून दुसऱ्या घरी जाते, आणि दिवाळीपर्यंत परत येते.