कंपनी देणगी देते, पण लेकीला काय?

मागच्या बैठकीत एका ताईने विचारलं, "लेक मुलुंडला कंपनीत सफाईला आहे, ठेकेदाराकडून. कंपनी म्हणे समानतेसाठी देणगी देते. मग तिला काय?"

मैत्रिणींनो, देणगी ही मेहेरबानी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चावेच लागतात. स्त्री-पुरुष समानता त्या यादीत आहे. पण त्याने कंपनीच्या आतलं काही बदलेलच असं नाही.

आतलं बघणाऱ्याही कंपन्या आहेत. विक्रोळीच्या गोदरेजने २०१८ मध्ये तृतीयपंथीयांना नोकरीत कसं सामावून घ्यावं, यावर पुस्तिकाच काढली.

ताईच्या लेकीने मात्र आधी विचारावं, "अंतर्गत समिती कुठे आहे?" दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी ही समिती लागतेच. अध्यक्ष बाईच, निदान निम्म्या सदस्य बायका, आणि एक जण बाहेरच्या संस्थेचा. समिती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावायचा असतो. ठेकेदाराची कामगारसुद्धा तिथे तक्रार करू शकते. तक्रार लेखी हवी, तीन महिन्यांच्या आत. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची, असं कायद्यातच आहे.