खरी खुशाली

रविवारी दुपारी आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. टीव्ही बंद असतो. धाकटी भावजय मोबाईल पदराने पुसून मधोमध ठेवते आणि आम्ही सारे भोवती बसतो. पुतण्या अग्निवीर म्हणून भरती झाला आहे आणि बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात प्रशिक्षण घेतो आहे. एरवी त्याचा फोन जमा असतो, आठवड्यातून एकदा थोडा वेळ हाती मिळतो. तेवढ्यात घरच्या सगळ्यांनी बोलून घ्यायचे.

पहिल्या रविवारचे बोलणे अजून आठवते.

"जेवला का रे भैय्या?"

"व्हय माय, जेवलो."

"पाय दुखत्यात का?"

"न्हाई."

"हिकडं समदं ठीक हाय."

"हितं बी."

फोन बंद झाला. भावजय म्हणाली, "आवाज बसलाय लेकराचा." भाऊ म्हणाला, "परेडीत ओरडून बसला असंल." पुढचा आठवडाभर आमचे घर त्या एका बसलेल्या आवाजावर जगले.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ते ओळखले जाते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघरची पोरे फौजेत जातात. पोराचा फोन का आला नाही, हे तिथल्या आजीला कोणी समजावून सांगावे लागत नाही. आमच्या लोहाऱ्याकडे तशी परंपरा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. इथल्या बहुतेक घरांना पोराबरोबर स्वतःचेही प्रशिक्षण पहिल्यापासून करावे लागते.

मी आयुष्यभर शिक्षकी केली. लिहिता न येणाऱ्या माउल्या जवान पोराला पत्र लिहून घ्यायला माझ्याकडे येत. 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' हे ठरलेले वाक्य मी त्यांनी सांगण्याआधीच लिहून टाकत असे. म्हैस आटली, पाऊस लांबला, बहिणीला पाहुणे पाहून गेले, एवढे सगळे त्या निळ्या आंतर्देशीय पत्रात मावायचे. उत्तर यायला आठ-दहा दिवस लागत. पोराला ताप आल्याचे कळेपर्यंत ताप उतरलेलाही असे.

त्या ठरलेल्या वाक्यावर माझा विश्वास होता. तो १९९३ साली उडाला.

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाचे गणपती निरोप घेऊन गेले आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावे दगडमातीखाली गेली. हजारो माणसे दगावली. चार दिवसांनी सास्तूरकडची एक माय माझ्यापुढे येऊन बसली. घर पडले होते, पोटची पोर गेली होती. थोरला मुलगा तेव्हा फौजेत नुकताच भरती होऊन प्रशिक्षण घेत होता. मी लेखणी उचलली, पण हात चालेना. म्हणालो, "बाई, सध्या खुशाल आहोत एवढंच लिहू का? पोरगं एकटं आहे तिकडं."

ती म्हणाली, "गुरुजी, खोटं लिहू नका. रेडिओवर त्यानं ऐकलंच असंल. आज खोटं लिवलं, तर पुढचं एक बी पत्र त्याला खरं वाटायचं न्हाई."

खरे तेच लिहिले. मदतीच्या गाडीबरोबर पत्र सोलापूरला पाठवून टपालात टाकायला लावले. मुलगा सुट्टी घेऊन आला, आईजवळ राहिला आणि परत जाऊन त्याने प्रशिक्षण पुरे केले.

एवढे शिकूनही घरची वेळ आली तेव्हा मीच चुकलो. डिसेंबरात येळवशीचा सण होता. शेतात कोप करून पांडवपूजा झाली, भज्जी-आंबिलाच्या पंगती बसल्या. त्या रात्री आमच्या आईला, म्हणजे पुतण्याच्या आजीला, अर्धांगाचा झटका आला. सगळ्यांनी ठरवले, पोराला सांगायचे नाही. एका रविवारी आजी देवळात गेली होती, दुसऱ्या रविवारी झोपली होती, तिसऱ्या रविवारी शेजारी बसायला गेली होती. चौथ्या रविवारी त्याने एकच विचारले, "आजी हाय ना?"

कोणी बोलेना. मी फोन घेतला आणि सारे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, "तात्या, मी तर आजी गेली असंच समजून बसलो होतो." थोडे थांबून पुढे म्हणाला, "मी बी तुमाला खरं सांगितलं न्हाई. पहिल्या आठवड्यात माझा आवाज ओरडून बसला नव्हता. रातच्याला रडून बसला होता."

त्या दिवशी आमच्या घराचा खरा फोन लागला.

पहाटे उठणे, कवायत, धावणे, नेमबाजी, उस्तादांची शिस्त हे सारे ते पोर सोसायला शिकते आहे. आपण मात्र त्याला लेकरू समजून खुशालीच्या नावाखाली फसवतो. खरे कळले तर त्याच्या जिवाला काळजी लागते हे खरेच. पण खोटे पकडले गेले की प्रत्येक 'ठीक हाय'मागे त्याला मरण दिसू लागते. घरात मोठे संकट आले तर त्याच्या कंपनीच्या कार्यालयाला वेळेवर कळवावे. ते लपवून कोणाचेच भले होत नाही.

एक गोष्ट मात्र रविवारच्या फोनवर काढू नये. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची आहे आणि २०२२ सालच्या योजनेप्रमाणे त्यांतले २५ टक्केच पुढे कायम होणार. 'पुढं काय?' हा प्रश्न घरालाही जाळतो आणि त्यालाही. पण थोड्या मिनिटांत त्याचे उत्तर निघत नाही. सुट्टीत ओसरीवर बसून ते बोलता येईल.

आता मी दर आठवड्याला त्याला पत्रही लिहितो. फोन बंद झाला की आवाज संपतो. पत्र पेटीत राहते आणि रात्री पुन्हा वाचता येते. तूर कशी आली, शेजारच्यांनी बोअर घेतली तर पाणी किती फुटांवर लागले, असलेच त्यात असते. शेवटी आजी डाव्या हाताने वाकडातिकडा अंगठा उठवते.

भावजय आता 'समदं ठीक हाय' म्हणत नाही. गेल्या रविवारी ती म्हणाली, "आजीचा उजवा हात अजून उचलत न्हाई. पर भाकर तिची ती खाती. तुझ्या कसम परेडीला येते म्हणती."

पलीकडून आवाज आला, "येऊ दे. मी वाट बघतो."

आवाज बसलेला नव्हता.