डीसी वीज किती शुद्ध?

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत तारेतून येणारी वीज एसी असते. सेकंदात पन्नास वेळा ती पुढे जाऊन मागे फिरते. बॅटरी भरावयाची, मुलामा चढवावयाचा किंवा डीसी मोटार फिरवावयाची, तर एकाच दिशेने वाहणारी वीज हवी. मुंबईची लोकल १९२५ पासून १५०० व्होल्टच्या डीसीवर धावली. तो अध्याय २०१६ मध्ये संपला. आज तारेत २५,००० व्होल्टची एसी असते व तिची डीसी गाडीतच केली जाते.

हे काम रेक्टिफायरचे. विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह आपण पाहिलाच आहे. पाणी वर जाऊ देतो, परत येऊ देत नाही. डायोडचा धर्म तोच. परंतु एका दिशेची वीज सपाट असतेच असे नाही. एकच डायोड असला तर अर्धी लाट जाते, अर्धी अडते. चार डायोडांच्या ब्रिजमधून दोन्ही अर्ध्या कामी येतात. तीन फेजच्या सहा डायोडांत सेकंदाला तीनशे टेकड्या येतात, आणि मधल्या खिंडी उथळ राहतात.

मग ही शुद्धता मोजावी कशी? मूव्हिंग कॉइलचा मीटर सरासरी दाखवितो. तार मात्र सरासरीने तापत नाही. क्षणाक्षणाच्या प्रवाहाचे वर्ग करून त्यांची सरासरी काढावी व तिचे वर्गमूळ घ्यावे; ही आरएमएस किंमत, म्हणजेच उष्णतेचा हिशेब. ती मूव्हिंग आयर्नचा मीटर दाखवितो. दोन्ही मीटर एकाच तारेत घाला. चार डायोडांच्या ब्रिजपुढे नुसती शेगडी जोडली असता पहिला १०० अँपिअर दाखवील तेव्हा दुसरा १११ दाखवील. १२,३२१ मधून १०,००० वजा जाता २,३२१. त्याचे वर्गमूळ ४८. शंभर डीसीत अठ्ठेचाळीसची लहर! हिलाच रिपल म्हणतात. एका डायोडला ती १२१ टक्के, म्हणजे दुधापेक्षा पाणीच जास्त. सहा डायोडांना जेमतेम ४.

यात कामगाराचा संबंध कोठे येतो? कायम चुंबकाच्या मोटारीचा जोर सरासरी प्रवाहावर, पण गुंडाळीची उष्णता आरएमएसच्या वर्गावर. प्रवाह एका डायोडसारखा तुटक झाला तर तेवढ्याच जोरासाठी गुंडाळी सुमारे अडीचपट तापते. एका कारखान्यात अशी मोटार जळाली. पॅनेलवरचा काटा मर्यादेत होता, म्हणून जादा भार टाकल्याचा ठपका ऑपरेटरवर आला. युनियनने दुसरा मीटर लावण्याचा आग्रह धरला. नवी मोटार चालविताच दोन आकड्यांत जवळजवळ दीडपटीचे अंतर दिसले. ब्रिजमधला एक डायोड निकामी निघाला. ठपका मागे घेतला गेला.

खिशातल्या स्वस्त मल्टिमीटरवर येथे विसंबू नये. एसीच्या खुणेवर तो सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतो, म्हणजे लाट सुबकच आहे असे धरून चालतो. ‘ट्रू आरएमएस’ छापलेले पुष्कळ मीटरही त्या खुणेवर डीसीचा भाग वगळून नुसती लहर दाखवितात. तसा मीटर असेल तर काम उलट सोपे होते: त्या आकड्याला डीसीच्या आकड्याने भागावे, रिपल हाती येतो.