ताल सगळ्यांचा, मग खेळ का नाही?

आज मी मोबाइलवरच्या खेळांबद्दल बोलणार आहे, हे ऐकून आमच्या वयाच्या मंडळींनी लगेच रेडिओ बंद करू नये. बोलायचं आहे ते तालाबद्दल, आणि तालाच्या खेळातून कोणाला बाहेर बसावं लागतं त्याबद्दल.

आमचं घर नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटचं. मे महिन्यात दुपारी बाहेर पाय टाकायची सोय नसते. त्यामुळे सुट्टीला आलेली भावाबहिणींची सगळी पोरं मधल्या खोलीत पंख्याखाली जमतात. पूर्वी तिथं पत्त्यांचा डाव पडायचा, आता एका फोनभोवती पाच डोकी असतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांना गाण्याच्या एका खेळाचं वेड लागलं होतं. पडद्यावर चार उभे पट्टे. गाणं सुरू झालं की वरून रंगीत गोळे घसरत येतात. गोळा खालच्या रेषेवर पोचला की त्या पट्ट्यावर बोट मारायचं. वेळ साधली तर गुण, आणि फार चुका झाल्या की गाणं मध्येच बंद.

त्या घोळक्यात माझा तेरा वर्षांचा भाचा होता. त्याला जन्मापासून उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. गावच्या भजनात तो ढोलकी वाजवतो. माझी नोकरी शाळेत संगीत शिकवण्यात गेली, म्हणून माझं लक्ष पडद्यापेक्षा त्याच्या बोटांकडे होतं. भिंतीला टेकून तो गुडघ्यावर त्या गाण्याचा ठेका धरत होता. त्या खोलीत सगळ्यांत पक्का ताल त्याचा होता, आणि खेळता येत नव्हतं ते फक्त त्यालाच. शेवटी तो म्हणाला, "मामा, माले बी खेयनं शे." पोरांनी लगेच फोन त्याच्या हातात दिला. दहा सेकंदांत खेळ संपला. मी म्हणालो, "जाऊ दे रे, तू आपली ढोलकी वाजव." मला वाटलं, मी समजूत घातली. त्या संध्याकाळी त्याने ढोलकीला हात लावला नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्याला 'हे तुझ्यासाठी नाही' एवढंच सांगितलं होतं.

मग मी या विषयाच्या मागे लागलो. माझी पुतणी संगणकाचं शिकते. तिला रोज फोन करून विचारलं, काही वाचलं. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

तालाच्या खेळांची ही पद्धत मुख्यतः जपानातून आली. १९९६ साली 'पराप्पा द रॅपर' हा खेळ तिथं निघाला. १९९८ साली 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' आला. त्यात पायाखालच्या बाणांवर गाण्याच्या ठेक्यात पाय टाकायचे. २००५ साली अमेरिकेत 'गिटार हीरो' आला आणि खेळण्यातली गिटार घराघरांत पोचली. पुढे डोळ्यांवर चष्म्यासारखं यंत्र लावून, दोन्ही हातांनी येणारे ठोकळे कापायचा 'बीट सेबर' आला. नावं वेगळी असली तरी बहुतेकांची गंमत एकच आहे. कान ताल ऐकतो, पण पुढचा ठोका कोणता आणि कुठे, हे डोळ्यांना दाखवलं जातं.

अडचण नेमकी इथे आहे. खेळ तालाचा, पण सूचना चित्राची. ताल ऐकून माणसाला 'केव्हा' ते कळतं, 'काय' वाजवायचं ते कळत नाही. माझ्या भाच्याला केव्हा हे सगळ्यांत चांगलं कळत होतं. चारांतला कोणता पट्टा, हे त्याला कोणी सांगत नव्हतं.

आपल्या संगीताने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा घ्या. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. खालीचा भाग आला की बायाँचा घुमारा कमी होतो, 'धा'चा 'ता' होतो. डोळे मिटून बसलेल्या श्रोत्यालाही कळतं की अर्धं आवर्तन झालं, आता सम येणार. म्हणजे पुढे काय येणार याची सूचना आवाजातच आहे. शिवाय तबल्याच्या प्रत्येक आघाताला बोल आहे. गुरू तो तोंडाने म्हणतो, शिष्य तो हाताने काढतो. पाटी नको, कागद नको. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं कानाने शिकता येतं, म्हणून हे होऊ शकलं.

खेळातही हे करता येतं. १९९७ साली जपानमध्ये 'रिअल साउंड' नावाचा एक खेळ निघाला. त्यात पडद्यावर चित्रच नव्हतं, सगळी गोष्ट आवाजातून उलगडायची. दृष्टिहीन आणि डोळस दोघांना तो सारखाच खेळता यावा, हा हेतू होता. तो तालाचा खेळ नव्हता, पण त्याने वाट दाखवली. २००८ साली अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी 'गिटार हीरो'साठी एक हातमोजा केला. मोज्याच्या बोटांत कंप पावणाऱ्या छोट्या मोटारी होत्या. ज्या बोटाने कळ दाबायची, ते बोट थरथरे. पडद्यावरची सूचना त्यांनी थेट कातडीवर आणली.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात आणि खेळाडू त्या खुळखुळ्यावर फटका मारतात. या क्रिकेटचा पहिला विश्वचषक १९९८ साली दिल्लीतच झाला होता. चेंडूला आवाज दिला, म्हणून खेळ सोपा झाला नाही. फक्त तो खेळता येऊ लागला.

आता उलट बाजू. ज्याला ऐकू येत नाही, त्याला तालाचा खेळ कसा? आमच्या जिल्ह्यात काठीच्या होळीला जे गेले आहेत, त्यांना हे विचारावं लागणार नाही. तिथं मोठे ढोल वाजतात तेव्हा ठोका कानाआधी छातीत लागतो, पायाखालची जमीन सांगते. इव्हलिन ग्लेनी या स्कॉटलंडच्या जगप्रसिद्ध तालवादक लहानपणापासून जवळजवळ पूर्ण बहिऱ्या आहेत. त्या अनेकदा अनवाणी वाजवतात, कारण कंप त्यांना पायांतून आणि अंगातून जाणवतो. खेळात हेच काम हातातल्या यंत्राचा किंवा फोनचा कंप करू शकतो. शिवाय ठेका डोळ्यांनाही दाखवता येतो. २०२३ साली आलेल्या 'हाय-फाय रश' या खेळात नायकाभोवतीचं सगळं जग गाण्याच्या ठेक्यावर हलतं, आणि हवं असेल तर पडद्यावर ठेका दाखवणारी खूणही लावून घेता येते.

हातांची गोष्ट निराळी. कोणाला एकच हात चालतो, कोणाची बोटं थरथरतात, कोणी चाकाच्या खुर्चीत बसून खेळतो. अशांसाठी कळा बदलून घेण्याची सोय लागते, गाण्याचा वेग कमी करता यावा लागतो. 'बीट सेबर'मध्ये काही गाणी एकाच हाताने खेळता येतात, खेळणाऱ्याची उंची भरता येते, ठोकळ्यांचे रंगही बदलता येतात. रंग न ओळखणाऱ्यांसाठी ही शेवटची सोय महत्त्वाची आहे. २००८ सालच्या 'रॉक बँड २'मध्ये चुका झाल्या तरी गाणं बंद पडू नये अशी सोय दिली होती. नवशिक्याला ती सोय वाटते. ज्याची बोटं दर चौथ्या ठोक्याला दगा देतात, त्याला मात्र गाणं शेवटपर्यंत ऐकायला मिळण्याचा तो एकच मार्ग असतो.

लखलखणाऱ्या दिव्यांबद्दलही बोललं पाहिजे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' मालिकेचा एक भाग दूरचित्रवाणीवर लागला. त्यात लाल-निळा प्रकाश अतिशय वेगाने उघडझाप करत होता. त्या रात्री सुमारे सातशे मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. काही जणांच्या मेंदूला असा प्रकाश सोसत नाही, फिट येते. तालाच्या खेळांत प्रत्येक ठोक्याला लखलखाट करण्याची हौस असते. तो बंद करण्याचं बटण असलंच पाहिजे.

आता एक गोष्ट सगळ्यांच्या कामाची. तुम्ही ठेक्यावर बोट मारता, तरी खेळ 'उशीर झाला' म्हणतो. पुष्कळदा दोष तुमचा नसतो. बिनतारी स्पीकर किंवा इअरफोन लावला की आवाज कानापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशीर होतो. सपाट टीव्हीवर चित्रही किंचित मागून येतं. बोलण्यात हे कळत नाही, पण तालात तेवढ्यात मात्रा चुकते. म्हणून चांगल्या खेळांत हा उशीर मोजून भरून काढण्याची सोय असते. टिकटिक ऐकू येते, तिच्याबरोबर बोट मारत राहायचं. खेळ फरक मोजतो आणि जुळवून घेतो.

आमच्या घरी गोष्ट इथूनच सुटली. पुतणीने फोनवरून ही सोय शोधायला सांगितली. पोरांनी एकेकाने करून पाहिलं. मोठ्या पोरांचं बोट कधी पुढे, कधी मागे. भाच्याने फोन घेतला आणि टिकटिकीवर असा बसला की आकडा हलेना. त्याने लावलेला आकडा ठेवल्यावर सगळ्यांचेच गुण वाढले. पोरांनी त्याला खोलीच्या मधोमध बसवलं.

पण याने त्याचा स्वतःचा प्रश्न सुटला नव्हता. त्याच्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा 'टॉकबॅक' आहे. तो चालू असताना बोट लावलं की फोन आधी काय आहे ते बोलतो, दोनदा टिचकी मारल्यावर काम करतो. गाण्यात एवढी सवड कुठून मिळणार? बंद केला तर खेळाची पानंच वाचता येत नाहीत. यालाही उपाय आहे. आयफोनमध्ये खेळ बनवणाऱ्याला पडद्याचा ठराविक भाग थेट स्पर्शासाठी मोकळा ठेवता येतो. बाकीची पानं वाचून दाखवली जातात आणि खेळाच्या जागी बोट सरळ लागतं. बनवणाऱ्याला हे सुचायला मात्र हवं.

या खेळाच्या बनवणाऱ्यांना ते सुचलं नव्हतं. तेव्हा पोरांनीच तोड काढली. चार पट्ट्यांना त्यांनी चार बोल दिले : धा, ना, तिं, के. गाण्याचा वेग अर्ध्यावर आणला. एकाने पडदा बघून बोल म्हणायचे, भाच्याने ते हाताने काढायचे. पट्टे चाचपता यावेत म्हणून फोनच्या खालच्या कडेला चिकटपट्टीचे चार तुकडे लावले. तीन दिवसांत ते गाणं त्याला पाठ झालं. चौथ्या दिवशी बोल सांगणारा गप्प बसला आणि वेग पूर्ण ठेवला. भाच्याच्या सात चुका झाल्या. त्याच गाण्यात थोरल्याच्या अकरा झाल्या होत्या. थोरल्याने लगेच फोन हिसकावून पुन्हा डाव मांडला, तेव्हा मला बरं वाटलं. त्याची कीव कोणी करत नव्हतं, त्याला हरवायला बघत होतं.

काही जण विचारतात, अशा सोयी दिल्या तर खेळात राम काय राहिला? माझं उत्तर असं. पायऱ्यांशेजारी उतार बांधला म्हणून देऊळ कमी उंच होत नाही. पट्टा कोणता हे कानात सांगितलं, तरी मात्रा ज्याची त्यालाच साधावी लागते. खेळाचं कसब तालात आहे. नीट दिसणं, नीट ऐकू येणं किंवा दहा बोटं असणं हे कसब नव्हे. जी सोय कसबाला हात न लावता वाट मोकळी करते, तिला सवलत म्हणू नये. आणि वेग कमी करण्यासारखी एखादी सवलत असलीच, तर ती ज्याला हवी त्याने घ्यावी. इतरांच्या खेळात त्याने काही कमी होत नाही.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २९व्या कलमात संस्कृती आणि करमणूक यांचाही उल्लेख आहे. शिक्षण, नोकरी, रेल्वेची सवलत याबद्दल आपण बोलतो, ते बोललंच पाहिजे. पण तेरा वर्षांच्या मुलाची सुट्टीतली दुपार हीसुद्धा त्याच्या आयुष्याचा भाग आहे.

तेव्हा घरातल्या मुलांसाठी असा खेळ घेताना आधी त्याच्या सेटिंगच्या पानावर जा. उशीर जुळवण्याची सोय आहे का, वेग कमी होतो का, कळा आणि रंग बदलता येतात का, लखलखाट बंद होतो का, चुका झाल्या तरी गाणं चालू राहतं का, आणि पानं वाचून दाखवली जातात का, ते बघा. नसेल तर बनवणाऱ्यांना दोन ओळी लिहून कळवा. त्यासाठी खेळाच्या पानावर जागा असते. आमच्या पोरांनी लिहिलं आहे. पत्राचा मजकूर भाच्याने सांगितला, आणि पहिलीच मागणी घातली : पट्ट्याचं नाव एक मात्रा आधी बोलून दाखवा, पुढचं आम्ही बघून घेऊ. उत्तर अजून आलेलं नाही. या सुट्टीत पोरांनी नवं गाणं निवडलं आहे, आणि बोल सांगायला कोण बसणार यावरून सध्या भांडण चालू आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)