हॅलोविनचं तोरण आणि धंद्याचा पहिला हिशेब: क्राफ्ट स्वॅपमधून काय शिकाल?



"सर, हातात कला आहे, पण विकायला धीर होत नाही." हा प्रश्न अमेरिकेत, कॅनडात राहणाऱ्या आपल्या ताईंकडूनही येतो. आजचा लेख खास त्यांच्यासाठी. पण तुम्ही नाशिकला असा नाहीतर सांगलीला, शेवटपर्यंत वाचा, कारण हिशेब सगळीकडे सारखाच असतो.

स्वॅप म्हणजे नेमकं काय?

स्वॅप म्हणजे अदलाबदल. एक आयोजक विषय ठरवतो, समजा हॅलोविनची सजावट. नाव नोंदवायची तारीख, पार्सल पाठवायची तारीख आणि सामानावर किती खर्च करायचा याची मर्यादा, हे सगळं आधीच ठरतं. प्रत्येकाला एक जोडीदार मिळतो आणि त्याच्या आवडीनिवडीचा कागद येतो. तुम्ही त्याच्यासाठी वस्तू बनवून पाठवायची आणि तुमच्यासाठी दुसरं कुणीतरी पाठवतं. पैशाची देवघेव नाही.

आता नीट बघा. ऑर्डर आली, गिऱ्हाईकाची आवड कळली, मुदत मिळाली, माल पोचवायचा आहे आणि समोरून अभिप्राय येणार आहे. म्हणजे अख्खा धंदा झाला, फक्त गल्ला नाही. तालीम म्हणतात ती हीच.

आधी सण समजून घ्या

हॅलोविन 31 ऑक्टोबरला असतो. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. तिथे सलगम कोरून दिवे करायचे. लोक अमेरिकेत आले आणि सलगमची जागा भोपळ्याने घेतली. रंग नारिंगी आणि काळा. वस्तू ठरलेल्या: भोपळा, भूत, वटवाघूळ, कोळी, काळी मांजर.

पण घराघराची आवड वेगळी. कुणाला रक्ताळलेला सांगाडा हवा, तर कुणाच्या घरात दोन वर्षांचं मूल आहे म्हणून हसरं गोंडस भूत हवं. कागदावर "भीतीदायक नको" लिहिलं असेल तर कवटी पाठवू नका, ती कितीही सुंदर झाली तरी. आपल्याला काय छान जमतं हे गिऱ्हाईक विचारत नाही. त्याला काय हवंय, तेवढंच बघतं.

काय बनवाल? तीन सोपे पर्याय

1. फेल्टचं तोरण. फेल्ट कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत, म्हणून नवशिक्यांना बरं. दोन आकार एकावर एक ठेवून कडेने काजटाका घाला, थोडा कापूस भरा, सुतळीत ओवा. दारावर तोरण बांधणं आपल्याला नवीन नाही!

2. उभं भूत. बाटलीवर चेंडू ठेवा. चीजक्लॉथ नावाचं जाळीदार सुती कापड पांढऱ्या गोंदाच्या पाण्यात बुडवून त्यावर पसरा. रात्रभर वाळू द्या, मग हलक्या हाताने बाटली-चेंडू काढून घ्या. भूत आपोआप उभं राहतं.

3. बरणीचा कंदील. काचेच्या बरणीवर नारिंगी टिशू पेपर चिकटवा आणि काळ्या कागदाचे डोळे-तोंड लावा. ज्यांनी दिवाळीत घरी आकाशकंदील केलाय, त्यांचा हात यात पटकन बसेल.

कंदिलात बटण सेलचा दिवा घालणार असाल तर सावध राहा. मुलाने तो सेल गिळला तर जिवावर बेततं. अमेरिकेत यासाठी 2022 मध्ये खास कायदा झाला: सेलचं झाकण मुलांना उघडता येऊ नये. पहिल्या स्वॅपला दिवा न घालताच बरणी पाठवा.

आता वही-पेन घ्या

समजा तुम्ही 9 नगांचं तोरण केलं. फेल्ट, दोरा, कापूस, खोका मिळून सामान 8 डॉलर. एका नगाला 20 मिनिटं, म्हणजे 3 तास. ओवणं आणि पॅकिंग अर्धा तास. तासाला 15 डॉलर मजुरी धरली तर साडेतीन तासांचे 52.50. एकूण 60.50 डॉलर.

स्वॅपमध्ये हे जाणवतच नाही, कारण तिथे फक्त सामानाचे 8 डॉलर मोजले जातात. "किती सुंदर!" असं उत्तर आलं की आपण खूश. पण हेच तोरण 60 डॉलरला कोण घेणार? हातची कामं करणारे बहुतेक जण इथेच फसतात. मजुरी धरतच नाहीत, 15 डॉलरला विकतात आणि दोन सीझनमध्ये थकून बंद करतात.

मग उपाय काय? वस्तू बदला. 5 मोठे नग घ्या, चेहरे शिवण्याऐवजी चिकटवा, सगळे आकार एकदम कापा. नगाला 8 मिनिटं लागली तर 40 मिनिटं, वर ओवणं-पॅकिंग 20 मिनिटं. झाला एक तास. मजुरी 15, सामान 6, एकूण 21 डॉलर.

एट्सीवर हे 28 डॉलरला लावलं, तर नोंदणीचे 20 सेंट, 6.5 टक्के कमिशन आणि अमेरिकेतल्या विक्रेत्याला पैसे स्वीकारण्याचे 3 टक्के अधिक 25 सेंट, असे सुमारे 3.11 डॉलर जातात. हातात उरले 24.89. मजुरी-सामान वजा जाता शिल्लक 3.89. (टपालखर्च गिऱ्हाईक वेगळा देतंय असं धरलंय, कमिशन त्यावरही लागतं, हे विसरू नका.) नफा थोडाच आहे, पण खरा आहे.

म्हणून नियम एकच: स्वॅपची वस्तू बनवताना मोबाईलवर घड्याळ लावा आणि प्रत्येक पायरीची वेळ लिहून ठेवा. ही वही म्हणजेच तुमची स्वॅपमधली खरी कमाई.

पार्सल करताना

- सजावट ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच लागते. 30 तारखेला पोचलेला भोपळा पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर जातो. काम ऑगस्टमध्येच सुरू करा.
- खोका बांधून झाला की कमरेच्या उंचीवरून एकदा पाडून बघा. आत काही हललं तर परत बांधा.
- घरात मांजर-कुत्रं असेल तर आधीच सांगा. समोरच्याला ॲलर्जी असू शकते.
- सिनेमा-कार्टूनमधली पात्रं वापरू नका. पुढे विकायला गेलात की हक्काचा प्रश्न येतो.

दोन इशारे

पहिला, अमेरिकेत डिपेंडंट व्हिसावर असाल तर विक्री सुरू करण्याआधी कामाची परवानगी आहे का ते तपासा आणि इमिग्रेशन वकिलाला विचारा. हौस वेगळी, धंदा वेगळा. थोड्या डॉलरसाठी व्हिसा पणाला लावू नका.

दुसरा, भारतातून माल पाठवायचा विचार असेल तर 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची जकातमाफी अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये बंद केली आहे. भाव सांगण्याआधी पोस्टात किंवा कुरिअरवाल्याकडे शुल्क विचारून घ्या.

तुमचा गृहपाठ

महाराष्ट्रात असाल तर हॅलोविनची वाट बघू नका. बचत गटातल्या किंवा सोसायटीतल्या सहा जणींना गोळा करा आणि दिवाळीच्या महिनाभर आधी आकाशकंदिलांचा स्वॅप करा. सामानाची मर्यादा 150 रुपये ठेवा. वस्तू मिळाल्यावर प्रत्येकीने एकाच प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं: "हे दुकानात दिसलं असतं तर मी किती रुपये दिले असते?"

तो आकडा आणि तुमच्या वहीतला खर्च शेजारी शेजारी लिहा. आकडा मोठा निघाला तर पुढच्या आठवड्यात पाच नग करून विकायला ठेवा. खर्च मोठा निघाला तर वस्तू बदला, मजुरी कापू नका.

चला, लागा कामाला!