वाचनाचा तास राखीवच हवा

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदा वाचनालयाची तासिका असते. मात्र पोर्शन मागे पडला किंवा स्नेहसंमेलनाची तालीम आली, की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय आवश्यक ठरवले. पण कपाट आले म्हणजे वाचन आले असे होत नाही. ‘पुस्तके वापरण्यासाठी आहेत’ हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच मांडला होता. तो पाळायचा, तर ही तासिका गणिताच्या तासाइतकीच राखीव हवी.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तर ती अधिकच गरजेची आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले. आज तिथे सिंधी, हिंदी, मराठी बोलणारी मुले शेजारी शेजारी वाढतात. अनेकांची घरची भाषा वेगळी आणि शाळेची वेगळी. २००१ मध्ये लाखाच्या आत असलेली बदलापूरची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. परवडणाऱ्या घरासाठी इथे आलेले असंख्य पालक पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री परततात. मुलाला जवळ घेऊन गोष्ट वाचून दाखवायला त्यांनी वेळ कुठून आणायचा? ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला नाही. शहरांना हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, तरी दुखणे कुठे आहे ते कळते.

चांगल्या तासिकेला फार सामग्री लागत नाही. बाई पुस्तक मुलांकडे वळवून धरतात, चित्र दाखवत सावकाश वाचतात आणि पान उलटण्याआधी थांबून विचारतात, ‘आता काय होईल?’ अंदाज बांधताना मूल अर्थाकडे वळते. नुसती अक्षरे जुळवणे मागे पडते. मग प्रत्येकाने आपल्या आवडीचे पुस्तक निवडायचे, वहीत स्वतः नोंद करायची आणि ते घरी न्यायचे. पुढच्या आठवड्यात परीक्षा नाही, गप्पा: कोण आवडले, शेवट पटला का?

पोर्शनचे काय, असे शिक्षक विचारतात आणि त्यांच्यावरचा ताण खराच आहे. पण शाब्दिक उदाहरण अडते ते बऱ्याचदा बेरजेमुळे नव्हे, तर वाक्य न कळल्यामुळे. दुसरी भीती पुस्तके फाटण्याची. फाटलेले पान चिकटवता येते. कुलपातल्या पुस्तकाला मात्र वाचकच मिळत नाही. ग्रंथपाल नाही, ही तक्रार रास्त आहे. तरीही वर्गात दोरी बांधून तिच्यावर पुस्तके टांगता येतात, देवघेवीची वही चौथीची मुले सांभाळू शकतात आणि बालभारतीचे ‘किशोर’ मासिकही हाताशी आहे. करोनाकाळात राज्यात ‘गोष्टींचा शनिवार’ हा उपक्रम चालला. शाळा बंद असतानाही आठवड्याची गोष्ट मुलांपर्यंत नेता आली, तर भरलेल्या वर्गात ती का जमू नये?

श्याम जोशी या शिक्षकाने उभारलेल्या ‘ग्रंथसखा’ ग्रंथालयामुळे बदलापूरचे नाव मराठी अभ्यासकांना ठाऊक आहे. दुर्मिळ ग्रंथ जपणाऱ्या या परिसरात उद्याचे वाचकही घडायला हवेत. त्यासाठी नगरपालिका आणि महापालिकेने शाळा तपासताना पुस्तके किती, एवढ्यावर थांबू नये. या आठवड्यात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली, हेही विचारावे. पालकसभेत हाच प्रश्न पालकांनीही विचारला, तर ती तासिका कापणे कोणालाही सोपे राहणार नाही.