कचरा कोणाच्या दारात?

एचएसआर लेआउट म्हणजे स्टार्टअप आणि कॉफी शॉप, अशी बंगळुरूत ओळख. पण तिथेच सोमसुंदरपाळ्यालगत शहराच्या कचऱ्याचा खतप्रकल्प आहे. 1975 साली स्थापन झालेल्या कर्नाटक कंपोस्ट विकास महामंडळाचा. सोसायट्या पुढे त्याच्या भोवती उभ्या राहिल्या आणि दुर्गंधीच्या तक्रारी सुरू झाल्या.

तक्रार रास्तच. पण आवाज कोणाचा ऐकू जातो? शहराचा कचरा मावळ्ळीपुरा, मंडूरसारख्या गावांतही जात होता. ग्रामस्थांच्या आंदोलनांनंतर 2012 मध्ये मावळ्ळीपुरा आणि 2014 अखेरीस मंडूर येथील कचरा डेपो बंद झाले. आरोग्याच्या सामाजिक अभ्यासाचा मुद्दा हाच: आजार केवळ जंतूंनी ठरत नाही, पत्ता, जात आणि उत्पन्नही तो ठरवतात.

ओला-सुका कचरा एकत्र टाकला की काचेने हात कापतो तो वेचणाऱ्याचा, आणि कचरा वेचणाऱ्या बहुतांशी दलित स्त्रिया. पुण्यात 1993 पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने त्यांना संघटित केले. बंगळुरूत ‘हसिरू दळा’ ही संस्था तेच करते.

एचएसआरच्या स्वच्छाग्रह कलिका केंद्रात आता घरच्या घरी खत करायला शिकवतात. ओला कचरा घरातच जिरला, तर वेचणाऱ्यांच्या हाती कोरडा, विकण्याजोगा माल येतो.